कोतमधून क्वालिटी रूममध्ये: सदतिसाव्या वर्षी मायक्रोमीटर धरावा का?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं धरलं असेल तर इथेच कळेल. तुम्ही पायदळात १७ वर्षं काढली, त्यातली शेवटची चार कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात. येत्या मार्चमध्ये बाहेर पडताय. गाव सेलू तालुक्यात, सिंदी रेल्वेजवळ. घरी पाच एकर, त्यातले दोन ओलिताचे. शिक्षण बारावी. बुटीबोरीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ओळखीतून क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा मिळतेय, पगार १६ हजार. मेव्हणे म्हणतात, बँकेत गार्ड व्हा, बंदूक तुमच्या हातची आहे. आणि तुम्ही विचारताय, "मायक्रोमीटर आयुष्यात धरला नाही, या वयात शिकणं जमेल काय?"

शिकणं जमेल, त्याची काळजी सोडा. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारं साधन; ते वाचायला आठवडा लागतो, त्यावर हात बसायला दोन-तीन महिने. मला काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. फौजेत तुम्ही 'नाही' म्हटलं की त्यामागे हुद्दा असतो, हुद्द्यामागे हुकूम असतो. इथे तुम्ही वयाने मोठे, कामाला नवे, पगाराने लहान. आणि काम काय, तर दुसऱ्याने आठ तास मशीनवर उभं राहून केलेला जॉब, म्हणजे घडवलेला भाग, हातात घ्यायचा आणि म्हणायचं, हा बसत नाही. ते तुम्हाला रोज, न चिडता, न दबता म्हणता येईल का, हे स्वतःला विचारा.

मी कोण ते सांगतो. मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती-देखभाल शाखेत, आर्मरर होतो, हत्यारं दुरुस्त करायचो. २००६ साली सुटलो, उमरेड तालुक्यातल्या गावी आलो, एक हंगाम शेती करून पाहिली आणि मग हिंगण्याच्या एमआयडीसीत साडेचार हजारांवर लागलो. पुढे बुटीबोरीत बरीच वर्षं गेली. आता पक्की नोकरी सोडली आहे, दोन-तीन छोट्या वर्कशॉपचे गेज, म्हणजे माप तपासायची साधनं, सांभाळतो आणि आयटीआयच्या पोरांना तयार करतो. त्यामुळे माझं सगळं सांगणं आपल्या पट्ट्यातल्या छोट्या-मध्यम कारखान्यांपुरतं धरा. चाकणचे मोठे प्लांट वेगळे चालतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. पहिली गोष्ट डोळे. तुम्ही म्हणाल मी शेप-वन, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय तपासणीत पूर्ण तंदुरुस्त, आहे, त्यातला शेवटचा 'ई' डोळ्यांचाच. खरं आहे, पण तीनशे मीटरवरचं टार्गेट दिसणं वेगळं आणि व्हर्नियरच्या, म्हणजे सरकत्या मोजपट्टीच्या, दोन रेघांतली कोणती जुळली हे दिसणं वेगळं. माझं एकेचाळिसाव्या वर्षी दोन महिने रिडिंग चुकत होतं. मी व्हर्नियरला शिव्या घातल्या, स्टोअरवाल्याशी भांडलो. शेवटी वर्ध्यात डोळे तपासले तर जवळचा दीड नंबर निघाला. आता डिजिटल आकडे आलेत, तरी ड्रॉइंगवरची बारीक अक्षरं, आट्यावरची ठेच, बोअरमधली, म्हणजे कातलेल्या भोकातली, ओरखड्याची रेघ हे डोळ्यानेच बघावं लागतं. सुटण्याआधी मिलिटरी हॉस्पिटलमध्ये जवळची नजर तपासून घ्या.

दुसरी गोष्ट रस्ता. सिंदीहून बुटीबोरी तीसेक किलोमीटर. जनरल शिफ्टला काही वाटत नाही. सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा रात्रीचे अकरा-बारा वाजलेले असतात, आणि आपल्याकडे त्या वेळी रस्त्यावर रोही आणि रानडुकरं तुमच्याआधी निघालेली असतात. गाडीच्या वेळा शिफ्टशी जुळत नाहीत. इन्स्पेक्टरला सेकंड शिफ्ट करावी लागते का, हे पहिल्याच भेटीत विचारा. तिसरी शेती. मृगाच्या पेरणीला चार दिवस आणि सोयाबीन निघताना चार दिवस मला लागतील, असं आधी सांगून ठेवा. मालक बहुतेक ऐकतात. नंतर सांगितलं की तीच रजा दांडी होते.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघू, कारण तुम्ही स्वतःला फार कमी धरलंय. कोत सांभाळणारा माणूस अर्धा इन्स्पेक्टर असतोच. प्रत्येक हत्याराला नंबर, नंबराला रजिस्टर, सहीशिवाय काही बाहेर जात नाही, परत आलेलं मोजून, पुसून, तेल लावून जागेवर. क्वालिटी रूममध्ये हेच चालतं. फक्त रायफलीच्या जागी गेज असतो आणि कोत रजिस्टरच्या जागी कॅलिब्रेशनचं, म्हणजे गेजच्याच तपासणीचं, रजिस्टर. कोणता गेज कधी लॅबला गेला, कधी परत आला, मध्ये कुणाच्या हातून पडला. नव्या पोरांना ही शिस्त लावायला मला वर्ष लागतं. तुम्ही ती घेऊनच येताय.

आर्मरर हेडस्पेसचा, म्हणजे रायफलीचा बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यातल्या अंतराचा, गेज घेऊन आलेला तुम्ही पाहिला असेल. 'गो' गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, 'नो-गो'वर बंद होता कामा नये. इथला प्लग गेज त्याचाच भाऊ. एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नो-गो, नो-गोच्या बाजूला बहुधा लाल खूण. गो बाजू अलगद भोकात गेली पाहिजे, नो-गो जाता कामा नये. जोर लावायचा नाही, पिळायचं नाही. ऑपरेटर गो बाजू घुसवून दाखवतो आणि म्हणतो, "जाते ना बाप्पा!" घुसवलेली गेली याचा अर्थ भोक लहान आहे. आणि हजारो जॉबमध्ये जाऊन जाऊन गोची बाजू स्वतःच झिजते, मग ती लहान भोकंही पास करू लागते. म्हणून गेजलाही तपासणी लागते.

मोजमापाची गोष्ट तुम्हाला रेंजवरून समजेल. पाच राउंड एका मुठीत बसले पण बुलपासून, म्हणजे टार्गेटच्या मधल्या ठिपक्यापासून, दूर पडले, तर उस्ताद काय म्हणायचे? हात चांगला आहे, साइट झिरो कर. पाचही राउंड विखुरले तर साइटला हात लावायचा नाही, आधी श्वास, पकड आणि ट्रिगर. मायक्रोमीटरचं शब्दशः हेच आहे. एक पिन घ्या, दहा वेळा मोजा, आधीचा आकडा झाकून नवा लिहा. दहा आकडे एकमेकांजवळ आले पण स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या मापाच्या ठोकळ्यावर, तपासल्यावर सगळे ०.०१ ने वर निघाले, तर झिरो एरर आहे, साधन दुरुस्त करा. दहा आकडे इकडेतिकडे पळाले तर हात दुरुस्त करा. रॅचेट, म्हणजे टोकाची टकटकणारी फिरकी, आहे तो त्यासाठीच, टक-टक-टक आणि थांबा. थिंबल, म्हणजे हाताने फिरवायची आकड्यांची नळी, पिळून आकडा काढणारा आणि ट्रिगरला झटका देणारा एकाच जातीचे. बाकी वाचणं सोपं आहे. थिंबल एक फेरा फिरला की अर्धा मिलिमीटर, फेऱ्याचे भाग ५०, म्हणजे एक भाग ०.०१ मिलिमीटर.

स्लिप गेज म्हणजे घासून-घासून अगदी आरशासारखे केलेले पोलादी ठोकळे. एकावर एक सरकवून चिकटवले की हवं ते माप तयार होतं. ही कल्पना १८९६ साली स्वीडनच्या योहान्सन नावाच्या माणसाला सुचली, आणि तो एस्किलस्टुना गावच्या सरकारी रायफल कारखान्यात कामाला होता. म्हणजे आपण कोतवाले या धंद्यात उपरे नाही. फक्त या ठोकळ्यांना बोटं लावू नका. आपल्याकडे पावसाळ्यात घामाच्या बोटाचा ठसा दोन दिवसांत गंज होऊन उमटतो. पुसा, पेट्रोलियम जेली लावा, डब्यात ठेवा. हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

ज्या गोष्टीची गरज आहे ती आता सांगतो, कारण ती मी पैसे मोजून शिकलो, आणि पैसे माझे नव्हते. ती म्हणजे आपला उन्हाळा.

जगभर मापं २० अंश सेल्सिअसला धरतात. ड्रॉइंगवर ७२ मिलिमीटर लिहिलं तर ते २० अंशांवरचं ७२. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतो, ॲल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट, सुमारे २३. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वाचताना वाटतं, हे काय मोजायचं.

मे महिना होता. ॲल्युमिनियमचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, त्यात बेअरिंगसाठी ७२ मिलिमीटरचं बोअर, टॉलरन्स, म्हणजे मापाला दिलेली सूट, एच-७, म्हणजे ७२.००० ते ७२.०३०. वरखाली मिळून फक्त ३० मायक्रॉनची जागा. आमच्या मशीन शॉपमध्ये कूलर, क्वालिटी रूममध्ये एसी. मी बोअर गेज एसीतल्या मास्टर रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या कडीवर, झिरो करायचो, बाहेर जायचो, मशीनवरून उतरलेला गरम जॉब तिथेच मोजायचो आणि सही ठोकायचो. रिडिंग सुंदर, सगळी ७२.०१० ते ७२.०२५. दोनशे हाउसिंग पुण्याला गेली. चार दिवसांनी फोन आला, बेअरिंग बसत नाही, ठोकावं लागतंय.

मी तावातावाने रजिस्टर काढून बसलो. मग शांतपणे हिशोब केला. जॉब ४० अंशांवर, म्हणजे २० अंश जास्त. ७२ मिलिमीटर, मीटरला २३ मायक्रॉन, गुणिले २०, झाले ३३ मायक्रॉन. माझी पूर्ण टॉलरन्स उन्हानेच खाल्ली होती. मी ज्याला ७२.०१० म्हणत होतो ते त्यांच्या थंड खोलीत ७२ च्या खाली होतं. ऑपरेटरने माझ्याच आकड्यांवर मशीन सेट केलं होतं, त्यामुळे त्या पोराची काहीच चूक नव्हती. दोनशेच्या दोनशे परत आली. मालकाने भाडं भरलं आणि बोअर पुन्हा मारून घेतले. मला तो काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासूनचा माझा नियम: फायनल तपासणीचा जॉब आदल्या दिवशी धुऊन क्वालिटी रूममध्ये आणायचा, ग्रॅनाइटच्या पाट्यावर मास्टरच्या शेजारी रात्रभर ठेवायचा, सकाळी मोजायचा. घाई असेल तर किमान जॉब आणि मास्टर दोन्हींना हात लावून बघा, एक कोमट आणि एक थंड लागला तर मोजू नका. मशीनवरच मोजायचं असेल तर मास्टर रिंगही मशीनपाशी असू द्या, आणि तरी ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं हे डोक्यात ठेवा. तुम्ही मुलाखतीला जाल तेव्हा त्यांच्या क्वालिटी रूममध्ये तापमापक आहे का ते बघा. एवढ्यावरून त्या कारखान्याबद्दल बरंच कळतं.

आता फौजेतली एक सवय, जी बाहेरच ठेवून यावी लागेल. आपल्याकडे 'इन्स्पेक्शन' म्हटलं की काय आठवतं? चुना आणि गेरू. जनरलसाहेब येणार म्हणून दगड रंगवायचे, झाडांना पट्टे मारायचे, रजिस्टर रात्रीतून पूर्ण करायचं. मी स्वतः केलंय, तुम्हीही केलं असेल. तीच सवय इथे आली की माणूस पाच जॉब मोजतो आणि पंचवीस आकडे लिहितो. रिपोर्टवर २५.०१, २५.०१, २५.०१ अशी ओळ दिसली की मला चुन्याचा वास येतो. खरी मापं थोडी तरी हलतात. मोजलं नसेल तर रकाना कोरा सोडा आणि का सोडला ते लिहा. कोऱ्या रकान्याने तुमची नोकरी जाणार नाही, खोट्या आकड्याने जाऊ शकते, आणि जॉब कुठे लागणार आहे त्यावर अजूनही काही जाऊ शकतं.

आपल्या भागातला सगळ्यात चिवट शब्द आहे 'चालते'. "पाच मायक्रॉन वर आहे साहेब, पण चालते." चालतं की नाही हे ठरवायचा अधिकार ना ऑपरेटरला, ना तुम्हाला. ज्याने ड्रॉइंग काढलं आणि जो तो भाग वापरणार आहे, त्याने ठरवायचं. तुमचं काम फक्त ते किती आहे हे खरं सांगणं. माप बाहेर गेलं तर लाल क्रेटमध्ये टाका, आकडा लिहा, ग्राहकाला लेखी विचारायला लावा. त्यांनी लेखी डेव्हिएशन, म्हणजे त्या फरकाला मंजुरी, दिलं तर माल जाऊ द्या, तुमच्या पोटात दुखायचं कारण नाही. नव्या माजी सैनिकांना हे कळायला वेळ लागतो. ते एक तर सगळंच अडवून बसतात, आणि लोक त्यांना 'सुभेदार' म्हणून चिडवतात, किंवा वरून हुकूम आला म्हणून सगळं सोडतात. अडवण्यापेक्षा वेळेवर सांगणं जास्त कामाचं. शिफ्टचा पहिला जॉब ऑपरेटरसोबत उभं राहून मोजा. पहिल्या जॉबला चूक सापडली तर तो तुम्हाला चहा पाजतो. तीच चूक दोनशेव्या जॉबला सापडली तर तोंड फिरवतो.

आणि तरीही महिन्याच्या शेवटी एक दिवस असा येतोच. एका ठिकाणी चारशे पिना होत्या, हार्डनेस कमी भरत होता, गाडी गेटवर उभी. मला सांगितलं गेलं की सही कर, पुढच्या लॉटमध्ये बघू. मी खऱ्या आकड्यांवर सही करतो म्हटलं. ते नको होतं. मी घरी गेलो. मला कुणी परत बोलावलं नाही, दीड महिन्याने मी दुसरीकडे लागलो. सही माझ्या हाताखालच्या पोराने केली. त्याच्या घरी तीन एकर कोरडवाहू आणि बहिणीचं लग्न ठरलेलं. मी त्याला आजही दोष देत नाही. माझ्या खात्यात दर महिन्याला पेन्शन जमा होत होती, त्याच्या होत नव्हती.

भाऊ, तुमच्या प्रश्नात तुम्ही पेन्शनचा उल्लेख फक्त "थोडाफार आधार" म्हणून केलाय. माझ्या मते या धंद्यात तुमचं सगळ्यात मोठं हत्यार तेच आहे. मायक्रोमीटर कुणीही विकत घेईल. 'नाही' म्हणून घरी जेवायला जाऊ शकणारा इन्स्पेक्टर मालकाला सहज मिळत नाही, आणि शहाणा मालक ते ओळखतो. उलट बाजूही आहे. पगार ठरवताना हमखास ऐकाल, "तुम्हाला पेन्शन आहेच की." त्यावर शांतपणे सांगा की पेन्शन मागच्या १७ वर्षांची आहे, पगार पुढच्या कामाचा. सुरुवातीला १६ हजार मी मान्य केले असते, पण सहा महिन्यांनी पुन्हा बसू, हे कागदावर घेऊन.

वर साहेब कोण असेल? बहुधा चोवीस-पंचवीस वर्षांचा इंजिनिअर, तुमच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. नव्या लेफ्टनंटला प्लाटून हवालदार कसा सांभाळतो, ते तुम्ही पाहिलंय. चारचौघांत 'साहेब', बाजूला घेऊन खरी गोष्ट. त्याच्याकडून ड्रॉइंग वाचायला शिका. डेटम, पोझिशन, रनआउट या खुणा त्याला कॉलेजात शिकवल्यात, तुम्हाला नाही. मला एका पोरीने, होय पोरीनेच, जेवणाच्या सुटीत डब्याच्या झाकणावर खडूने काढून शिकवल्या. मुलगी वर्ध्याच्या पॉलिटेक्निकची होती.

कागदांचं थोडक्यात. जी कामं आत असताना होतात ती आतच करा. डीजीआर म्हणजे पुनर्वसन महासंचालनालय सेवेच्या शेवटच्या टप्प्यात कोर्स देतं, क्वालिटी किंवा सीएनसीशी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनशी, जवळचा मिळाला तर सिक्युरिटी सुपरवायझरच्या आधी तो मागा. कोतच्या ड्यूटीची नोंद आणि केलेल्या कोर्सची प्रमाणपत्रं निघण्याआधी युनिटमधून घ्या. नंतर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करायला फार संयम लागतो. माझा सिकंदराबादच्या रेकॉर्ड ऑफिसशी आठ महिने चालला होता. गावी आल्यावर वर्ध्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. अंबाझरी, जवाहरनगर, भद्रावती इथल्या आयुध निर्माण्या २०२१ पासून सरकारी कंपन्यांच्या ताब्यात आहेत. त्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांत तुमच्यासारखा माणूस शोभतो, कारण दारूगोळ्याचा पार्ट वाईट निघाला तर पलीकडे काय होतं हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मेव्हण्यांचा सल्ला वाईट नाही. बँकेतली गार्डची नोकरी पक्की असेल, गावाजवळ असेल आणि तुमचं मन शेतीत जास्त असेल तर ती घ्या, त्यात कमीपणा नाही. पण ज्या अर्थी तुम्ही तीन ओळींत दोनदा "शिकणं" हा शब्द लिहिलाय, त्या अर्थी तुम्हाला दारावर उभं राहणं सोसणार नाही असं मला वाटतं. एक मात्र आधीच सांगतो. गावात 'इन्स्पेक्टर' झालो म्हटलं की लोक विचारतात, कोणत्या ठाण्यात? माझी सासू वारली तोवर तिला वाटत होतं मी अन्नधान्य तपासतो.

तर होळीला गावी आलात की लगेच होकार देऊ नका. मालकाला म्हणा, मला आठ दिवस बिनपगारी बसू द्या. त्या आठ दिवसांत दोन गोष्टी बघा: लाल क्रेटमधला माल संध्याकाळी कुठे जातो, आणि रिजेक्ट करणाऱ्या माणसाशी लोक दुसऱ्या दिवशी कसं बोलतात. तोवर सरावाला शून्य ते पंचवीसचा एक साधा मायक्रोमीटर घ्या, डिजिटल नको, रेघांचा. घरातली सुई, सायकलची तार, पोरांची पेन्सिल, मिळेल ते दहा-दहा वेळा मोजून वहीत लिहा. ती वही मुलाखतीला सोबत न्या.